अटी लागू

मे महिन्यातली रात्र, बेझनबागेत दुसरा मजला.
कूलरमध्ये चार बादल्या ओतून झाल्या,
ओल्या खसाचा वास खोलीभर.
टेबलावर बेचाळीस पानं, मुंगीएवढा टाइप,
आणि माझं लाल पेन.

एकतीस वर्षं मी प्रुफं वाचली.
मंत्र्यांच्या वेलांट्या, निधनवार्ता, लिलावाच्या नोटिसा.
विम्याचा कागद मात्र कधी वाचला नाही,
सही कुठं करायची तेवढं विचारायचो.

आता श्रीलंका. नऊ दिवस.
रत्नमाला भिशीचे पैसे घेऊन निघाली आहे
अनुराधपूरच्या बोधिवृक्षाकडं.
एजंट निमजे म्हणाला, "काका, एवढं कोणी वाचते का?"
म्हटलं, मी वाचतो.
सतराव्या पानावर स्वल्पविराम चुकला आहे तुमचा.
त्या एका टिंबशेपटीनं
सिगिरियाच्या बाराशे पायऱ्या चढणं
गिर्यारोहणात जातं,
आणि गिर्यारोहण वगळलेल्यांत.
"विचारून सांगतो," म्हणाला.
अजून विचारतोच आहे.

ती भेंडी चिरता चिरता ऐकते.
मी एकेक कलम मराठीत उलगडतो.

बॅग बारा तासांच्या आत सापडली
तर ती हरवलीच नव्हती.
"अन् साडेअकरा तास मी काय नेसू?"
याबद्दल कलम गप्प.

अपघात म्हणजे अचानक घडलेली, अनपेक्षित,
बाहेरून आलेली, डोळ्यांना दिसणारी घटना.
चारही हव्यात. तीन भरून चालत नाही.
तिची सुरी थांबते.
"आतल्या आत दुखलं तर?"
तो आजार. तो वेगळ्या तक्त्यात,
पन्नास हजार डॉलर, त्यातले पहिले शंभर आपले.

"अन् तिकडंच मेली तर?"
पान एकोणतीस. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च,
दहा हजार डॉलरपर्यंत.
"जितेपणी एवढा भाव कोणी केला नाही माझा," ती हसते.
"पण आणा बावा परत.
मले कूलरच्या आवाजाशिवाय झोप येत नाही."

मग पान छत्तीस.
गेल्या अठ्ठेचाळीस महिन्यांत
कोणताही आजार, तपासणी, नियमित औषध?
माझं पेन सवयीनं 'नाही'वर टेकत होतं.

"थांबा."

चिकट हात पदराला पुसून
तिनं पोह्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि तळातून गोळ्यांचं पाकीट काढलं.
मेयोत गेली होती, एकटीच, मागच्या मार्चात.
छातीची पट्टी काढली. रोज एक गोळी, न चुकता.
"तुमच्या मोतीबिंदूचं चालू होतं तवा.
एका घरात दोन फायली काहून म्हटलं."

चौदा महिने
मी त्याच डब्यातले पोहे खाल्ले,
तर्री कमी पडली म्हणून कुरकुरलो.

निमजेला फोन लावला.
"कोरं सोडा काका. लिहिलं तर हप्ता वाढते,
नऊशे चाळीस रुपये."
फोन तिनं घेतला.
"तिकडं बोधिवृक्षापाशी बसून
चौथं शील म्हणीन ना मी,
तवा तुमचा हा कोरा रकाना डोळ्यासमोर येईल का नाही?
लिवतो आम्ही. वाढू द्या."

गोळीचं नाव मी अक्षरागणिक जुळवून लिहिलं.
मात्रेचा आकडा दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा.
डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी, पान बारा.
हे मोठ्यानं वाचलं.
ती पुन्हा भेंडीकडं वळली होती.

आणि मी तिच्याकडं बघत राहिलो,
पहिलं प्रूफ बघायचो तसा,
घाई न करता, ओळीखाली बोट धरून.

"काय वाचून राह्यले?"

अजून काही गाळलं आहे का, बघतो.

"कूलर कोरडा चालला," ती म्हणाली,
"ते बघा आधी."